कणगीतलं ओळखपत्र

मतदानाला फोटो असलेलं ओळखपत्र सक्तीचं असावं की नसावं, या विषयावरचे लेख मी वर्तमानपत्रात असताना जवळजवळ दर निवडणुकीला तपासले. लेख नेहमी दोन असत आणि त्यांची लांबी सारखी ठेवावी लागे. एकात असायचं की ओळख न पटवता मत देऊ दिलं तर कोणीही कोणाच्याही नावावर बटण दाबून जाईल. दुसऱ्यात असायचं की ज्यांच्याकडे कागद टिकत नाहीत अशी खरी माणसंच दारातून परत जातील. मी दोन्हींतली विशेषणं कमी करायचे, मथळे द्यायचे आणि पान सोडायचे. एखाद्या बाईकडे ओळखपत्र आहे, ते कुठे आहे हे तिला नेमकं ठाऊक आहे आणि तरीही ते दाखवता येत नाही, असं दोन्ही लेखांत कधी आलं नाही. ते मला मामीच्या घरी पाहायला मिळालं.

मामीचं गाव किन्हवलीच्या पुढे आहे. मामा जाऊन बरीच वर्षं झाली. घरात मामी, तिचा मुलगा आणि सून. अंगणाच्या पलीकडच्या घरात मामीचा दीर, म्हणजे आमचे धाकटे मामा, आणि त्यांची बायको. अंगण एकच, विहीर एकच, तुळसही एकच. त्या वर्षी ग्रामपंचायतीच्या त्यांच्या प्रभागातली जागा महिलांसाठी होती आणि या एका अंगणातून दोन अर्ज भरले गेले. एका बाजूला मामीची सून, निशाणी कपबशी. दुसऱ्या बाजूला मामीची धाकटी जाऊ, निशाणी छत्री. आधीच्या निवडणुकीत याच प्रभागात दोन उमेदवारांना समान मतं पडली होती आणि शाळेतल्या एका लहान मुलीला चिठ्ठी उचलायला लावून निकाल ठरला होता. त्यामुळे या वेळी प्रत्येक मताला घरोघर भाव होता.

मी आदल्या दिवशी पोचले. संध्याकाळी सुनेनं मला चुलीजवळ बोलावून सांगितलं, "आईंनी मला शब्द दिलाय. कुठं बोलू नका." त्यानंतर विहिरीवर धाकट्या मामीनं कळशी खाली ठेवून सांगितलं, "ताईचं मत मलाच हाय गो. सुनेसमोर काय बोलत नाय ती, पण मला म्हायती." मी दोघींनाही बरं म्हटलं. मामी त्या वेळी ओटीवर बसून पावट्याच्या शेंगा सोलत होती आणि दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते आले की चहा टाक म्हणून सुनेला हाक मारत होती. छत्रीवाल्यांनाही चहा कपबशीतूनच मिळत होता. त्यावर दोन्ही बाजू हसत होत्या.

सकाळी मामी ठेवणीतली साडी नेसून निघाली. हातात मतदाराची चिठ्ठी, बाकी काही नाही. केंद्र गावातल्या शाळेत होतं. पडवीतल्या रांगेत वाडीवरच्या बायका पुढे उभ्या होत्या. वाडीवरची घरं गावाच्या कडेला, डोंगराच्या अंगाला आहेत. दिवाळी झाली की तिथली माणसं वीटभट्टीवर जातात. मतदानासाठी ती माणसं टेम्पोनं परत आली होती आणि त्याच रात्री पुन्हा भट्टीवर जाणार होती. प्रत्येकीच्या गळ्यात दोरीला बांधलेली प्लॅस्टिकची पिशवी होती, तिच्यात मतदार कार्ड, आधार, रेशनकार्ड. भट्टीवर, दवाखान्यात, रेशनच्या दुकानात त्यांना आधी कागद विचारतात, मग काम. म्हणून कागद अंगावरच असतो.

त्यांतली एक मामीला म्हणाली, "काकी, तुजं कारड कुठं?"

"मला कशाला गो कारड? आत माझा दीर बसलाय, माझा मुलगा बसलाय."

"दीर म्हंजे कारड का?"

रांग हसली. मामीही हसली. या गावात तिला आजवर कोणी कागद विचारला नव्हता. आधीच्या निवडणुकांत टेबलापाशी पोचायच्या आधीच आत बसलेली माणसं तिचं नाव पुकारत आणि शाई लागत असे.

आत काय झालं ते मी पाहिलेलं नाही. मला आत जायची परवानगी नव्हती. मामी, तिचा मुलगा आणि धाकटे मामा या तिघांनी मला वेगवेगळं सांगितलं. तिघांच्या सांगण्यात जेवढं जुळलं तेवढंच लिहिते आहे.

केंद्राध्यक्ष मुरबाड तालुक्यातल्या एका शाळेतल्या बाई होत्या. त्यांनी ओळखपत्र मागितलं. मामीनं आत बसलेल्या, उमेदवारांच्या दोन प्रतिनिधींकडे हात केला. मुलगा सुनेच्या बाजूनं बसला होता, दीर जावेच्या बाजूनं. मुलगा म्हणाला, "माझी आई आहे, मॅडम."

"तुम्ही उमेदवाराचे पतीही आहात," बाई म्हणाल्या. "तुमचं सांगणं मला धरता येणार नाही."

मग मामी म्हणाली, "ह्यांना विचारा. मी लग्न होऊन आली तवा हे चड्डीत होते. माझ्या हातचं खाऊन मोठे झालेत."

विरुद्ध बाजूचा माणूस म्हणून बाईंनी धाकट्या मामांना विचारलं. धाकट्या मामांनी समोरच्या यादीवरून मान वर केली नाही. ते म्हणाले, "मी इथं दीर म्हणून नाय बसलो. नियम काय असेल तो बघा."

"बरं भावजी," असं म्हणून मामी बाहेर आली.

शाळेपासून शंभर मीटरवर चुन्याची रेघ मारली होती. तिच्या पलीकडे दोन्ही उमेदवार आपापल्या माणसांत उभ्या होत्या. मामीनं झालेलं सांगितलं. धाकटी मामी पदर खोचून म्हणाली, "काय बोलला ह्यो माणूस? माझं हक्काचं मत घालवलं यानं? येऊ दे घरी." सुनेनं तिच्याकडे वळून पाहिलं. सुनेच्या हिशेबी ते मत कपबशीचं होतं.

सुनेच्या मोबाईलमध्ये सासूच्या आधारकार्डाचा फोटो होता. तो चालत नाही, मूळ कागद लागतो. ही सूचना मी स्वतः कितीदा तरी छापली होती. मूळ कागद कुठे आहे असं विचारल्यावर मामी म्हणाली, "कणगीत."

सगळे कागद बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात होते. मतदार कार्ड, आधार, बँकेचं पासबुक, मामांचा एकुलता एक फोटो. उन्हाळ्यात घराची कौलं परतायला काढली तेव्हा सगळं घर उघडं पडलं होतं. उंदीर आणि वळीव, दोघांपासून वाचावा म्हणून मामीनं डबा रिकाम्या कणगीत ठेवला. कणगी म्हणजे बांबूच्या कामट्यांनी विणलेली, माणसाहून उंच, शेणमातीनं सारवलेली भाताची कोठी. तळाला ओल येऊ नये म्हणून पेंढा घातलेला असतो. डबा त्या पेंढ्याखाली होता. मग पावसाळा आला, लावणी झाली, कापणी झाली, झोडणी झाली. सुनेनं आणि मजुरांनी नवं भात कणगीत ओतलं. मामी त्या वेळी खळ्यावर उभी राहून टोपल्या भरून देत होती. कणगी काठोकाठ भरली, तोंड शेणमातीनं लिंपलं, हळदकुंकू लावलं.

त्या घरात रीत अशी की लिंपलेली कणगी आधीचं भात संपेपर्यंत उघडायची नाही. उघडायची ती घरातल्या थोरल्या बाईनं, गावदेवीला नैवेद्य दाखवून. मधेच फोडली तर वर्षाला पुरत नाही, असं मामीची सासू सांगायची आणि मामीही सांगते. एका वर्षी पाहुणे आले म्हणून सुनेनं मामीला न विचारता लिंपण काढलं होतं. त्यावर मामीनं तिच्याशी किती दिवस बोलणं टाकलं याची आठवण सुनेनं मला आदल्या संध्याकाळीच करून दिली होती.

आता दोघी कणगीसमोर उभ्या होत्या.

"काढू का, आई?" सुनेनं विचारलं. हात मात्र मागे बांधलेले होते.

"नाय," मामी म्हणाली. "ऱ्हाऊ दे. नाय तर नाय मत."

मी म्हटलं, एका मतानं काय होतंय, पुढच्या वेळी द्या. मला ते समजूतदार वाटलं होतं. मामी पाटावर बसली आणि माझ्याकडे न बघता बोलू लागली.

"बाय, ह्या घरात माझं असं काय हाय जे कोणाला म्हायती नाय? किती खाते ते म्हायती, कुठं दुखतं ते म्हायती. पैलं मत दिलं तवा सासऱ्यानं सांगितलेलं, ह्याच्यावर शिक्का मारा. आमी दोघी जावा बरं म्हणून गेलो. शिक्का कुठं मारला ते आजून कोणाला सांगितलं नाय. तुज्या मामाला पण नाय. एवढंच माझं हाय."

सून ऐकत होती. तिनं चूल पेटवली आणि गूळ किसायला घेतला. नैवेद्याचा. मामीनं ते पाहिलं, आणि तिला अडवलं नाही.

तेवढ्यात अंगणातून धाकटी मामी आली. तिला बातमी कळली होती. दारात उभी राहून ती म्हणाली, "ताई, मी हात लावू का? का छत्रीचा विटाळ हाय कणगीला?"

"सूप घेऊन ये तुजं," मामी म्हणाली. "आनि पोती. आमची पुरायची नाय."

नैवेद्य गावदेवीला पोचला, आणि मामीनं स्वतः विळ्यानं लिंपण फोडलं. एवढं भात बाहेर काढायचं म्हणजे ते ठेवायचं कुठे हा प्रश्न होता. पोती लगेच भरली. मग टोपल्या, घमेली, हंडे, पाण्याचा रिकामा पिंप. मग ओटीवर चादरी पसरल्या. मी शिडीवर उभी राहून वरून सूप भरून द्यायचे आणि खाली दोन्ही उमेदवार हातांनी झेलायच्या. भाताची कुसळं गळ्यात, केसात, ब्लाउजात जाऊन सगळ्यांना खाज सुटली. मत देऊन झालेल्या वाडीवरच्या बायका टेम्पोची वाट बघत अंगणात आल्या, आणि कोणी बोलावण्याआधीच रांग लावून टोपल्या फिरवू लागल्या. हे भात त्यांच्यातल्याच काहींनी कापलं होतं आणि काहींनी कणगीत ओतलं होतं.

"काकी, भरताना सांगितलं असतंस तर वर ठेवला असता डबा," एक म्हणाली.

"भरताना ध्यानात असतं तर सांगितलं नसतं का, शाणे?"

"माझ्यासारखं गळ्यात बांध आता."

"एवढा डबा गळ्यात बांधू? बैल हाय का मी?"

तिकडे शंभर मीटरच्या रेघेपाशी वेगळंच चाललं होतं. दोन्ही उमेदवार एकाच वेळी गायब झाल्यामुळे दोघींत तडजोड झाल्याची बातमी पसरली. कोणी म्हणे छत्रीनं माघार घेतली, कोणी म्हणे कपबशीनं. मग कोणीतरी सांगितलं की उमेदवाराच्या घरी भात वाटप चालू आहे. ते केंद्राध्यक्षांच्या कानावर गेलं आणि त्यांनी बंदोबस्तातल्या एका होमगार्डला बघायला पाठवलं.

तो दारात आला तेव्हा एक उमेदवार पोतं धरून उभी होती आणि दुसरी त्यात भात ओतत होती.

"कोण वाटतंय?" त्यानं विचारलं.

"कोणी नाय वाटत. काढतोय," धाकटी मामी म्हणाली.

"कोणाला द्यायला?"

"कोणाला नाय. परत भरणार हाय. हे पोतं जरा धर रे, हात भरून आले माझे."

त्यानं टोपी ओटीवर ठेवली आणि पोतं धरलं. थोड्या वेळानं पोतं भरल्यावर त्याला आपण कशासाठी आलो ते आठवलं असावं, कारण टोपी घालून तो घाईनं गेला. आचारसंहितेचा भंग आढळला नाही, असं त्यानं सांगितल्याचं नंतर कळलं.

तळ लागला तेव्हा ऊन उतरलं होतं. कणगीत उतरायला सगळ्यांत बारीक अंगाची सून होती. ती आत उतरली आणि पेंढ्यात हात घालत राहिली. मग पत्र्याचा आवाज आला. डबा वर आला तेव्हा मामीनं तो पदरानं पुसला, उघडला, मामांचा फोटो आधी बाजूला ठेवला आणि मतदार कार्ड काढलं. आधार आणि पासबुक तिनं पाहिलंही नाही.

"आधारच घ्या, आई. त्यावरचा फोटो बरा आहे," सून म्हणाली.

"मताला मताचंच कारड," मामी म्हणाली, आणि केसातली कुसळंही न झटकता निघाली. तिच्या एका बाजूला सून चालत होती, दुसऱ्या बाजूला जाऊ. रेघ आली तशा दोघी थांबल्या आणि मामी एकटी पुढे गेली. वेळ संपायला थोडाच अवकाश होता. रांगेत कोणी नव्हतं.

पुन्हा मी बाहेर होते आणि पुन्हा तिघांचं ऐकून लिहिते आहे.

कार्ड फार जुनं होतं, काळ्या-पांढऱ्या फोटोचं. केंद्राध्यक्ष बाईंनी ते हातात घेतलं, खिडकीकडे धरलं, पुन्हा जवळ आणलं. नाव, वय, पतीचं नाव यादीशी जुळत होतं. फोटोत मात्र चेहऱ्याच्या जागी एक पांढरा डाग होता. डोळे कुठे, नाक कुठे, ते लागत नव्हतं. मान आणि खांदा तेवढा स्पष्ट होता.

"यात चेहराच दिसत नाही हो," बाई म्हणाल्या.

मामी म्हणाली, "कारड मागितलं, कारड आणलं. चेहरा हा काय समोर हाय."

बाईंनी कार्ड प्रतिनिधींकडे वळवलं. "कोणाचा आक्षेप आहे का? फोटो यांचाच आहे ना?"

मुलाचं सांगणं धरायचं नाही हे सकाळीच ठरलं होतं. त्यामुळे कार्ड धाकट्या मामांपुढे आलं. त्यांनी चष्मा लावला. कार्ड सावकाश पाहिलं. ते पाहात असताना मामी पाहात होती, मुलगा पाहात होता, शाईची बाटली घेऊन बसलेला कर्मचारीही पाहात होता.

"वयनीच हाय," ते म्हणाले.

"कशावरून?" बाईंनी विचारलं.

"साडीवरून. हे काठ बघा, मोठ्या फुलांचे. माझ्या लग्नातली मानाची साडी हाय ही. मीच शहापूरला जाऊन आणलेली."

बाईंनी आक्षेप नाही असं धरलं. मामीच्या बोटाला शाई लागली. ती पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली. यंत्राचा लांब आवाज झाला तेव्हा बाहेर रेघेपाशी आम्हाला तो ऐकू आला नाही, पण मामी पडवीत आली आणि तिनं ते बोट वर केलं. रेघेपाशी कपबशीवाले आणि छत्रीवाले दोघांनीही टाळ्या वाजवल्या.

कणगी फोडलीच होती, म्हणून त्या संध्याकाळी नवं भात कांडून शिजलं. भट्टीवर जाणाऱ्या बायकांनी पदरात बांधून नेलं. मतदान संपलेलं असल्यामुळे आता त्याला वाटप म्हणायला कोणाची हरकत नव्हती. धाकटे मामा केंद्रावरून यंत्र सील होईपर्यंत थांबून उशिरा आले आणि अंगणात घुटमळले. स्वतःच्या घरात शिरायचं त्यांना धाडस होत नसावं. मामीनं ओटीवरून विचारलं, "दीर म्हणून आलात का कसं?"

"दीर म्हणूनच."

"मग बसा. ताट घेते."

ते जेवले. मामीनं त्यांना तूप दुसऱ्यांदा वाढलं.

मोजणी दुसऱ्या दिवशी शहापूरला झाली. सून निवडून आली, आणि तेही दोन-तीन मतांच्या फरकानं नाही, चांगल्या डझनभर मतांनी. म्हणजे मामीनं मत दिलं नसतं तरी निकाल तोच लागला असता, आणि तिनं ते कोणाला दिलं असतं तरीही तोच लागला असता. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "निकाल तुमचा गो. मत माझं."

गुलालानं भरलेली सून मिरवणुकीतून घरी आली तेव्हा धाकटी मामी कणगीत भात ओतत होती. तिनं हातातली टोपली सुनेच्या हातात दिली आणि म्हणाली, "सदस्य बाई, लागा कामाला." दोघींनी मिळून कणगी भरली. लिंपण मामीनं केलं.

मी निघाले तेव्हा दोघी मला एसटीपर्यंत पोचवायला निघाल्या. वाटेत धाकटी मामी कोणाशी तरी बोलायला मागे राहिली, तेव्हा सून हळूच म्हणाली, "कार्डाची नवी जागा आईंनी फक्त मला सांगितली आहे. देव्हाऱ्याच्या मागे, फळीवर. पुढच्या वेळी अडायला नको." एसटी आली तेव्हा सून माझी पिशवी चढवायला पुढे गेली आणि धाकटी मामी माझ्या कानाशी आली. "ताईनं कारड कुठं ठेवलंय ते एकट्या मलाच म्हायती," ती म्हणाली. "तांदळाच्या डब्यात. बोलू नको कुठं."

दोन्ही ठिकाणांची खातरजमा मी केलेली नाही.